आधी सुरुंग, मग तुरुंग, मग सायकली: हॅरिमनच्या रस्त्यांची पार्श्वभूमी

एप्रिल लागला की न्यू जर्सीतले आपले सायकलवाले एकमेकांना विचारायला लागतात, यंदा हॅरिमन कधी? हॅरिमन म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं हॅरिमन स्टेट पार्क आणि त्याला चिकटून हडसन नदीच्या काठावरचं बेअर माउंटन स्टेट पार्क, बोलताना दोन्ही मिळून हॅरिमनच. स्लोट्सबर्गला गाड्या लावायच्या, सायकली उतरवायच्या, सेव्हन लेक्स ड्राइव्ह धरायचा आणि तळ्यांच्या कडेकडेने वरखाली करत बेअर माउंटनला पोचायचं, पायात जीव उरला असेल तर पर्किन्स ड्राइव्हने थेट माथ्यावर. एका बाजूचं अंतर १८ मैलांच्या आसपास, माथ्याचा चढ वेगळा. रूटची फाईल सगळ्यांच्या फोनमध्ये असते, पण हा रस्ता इथे आला कसा हे मी इतकी वर्षं तिथे घाम गाळूनही कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं की या अख्ख्या प्रकरणाची सुरुवात खडीपासून झालीय.

हो, खडी. हडसनच्या पश्चिम काठावर मॅनहॅटनच्या समोर जे काळेकभिन्न कडे उभे आहेत त्यांना पॅलिसेड्स म्हणतात, आणि तो दगड ट्रॅप रॉक आहे. आपला डेक्कन ट्रॅप आठवतोय ना, सह्याद्रीचा काळा पाषाण? त्याच गोतावळ्यातला, फक्त वयाने बराच मोठा, साधारण २० कोटी वर्षांचा, आपला ६.६ कोटींचा. असा दगड रस्त्याच्या खडीला आणि काँक्रीटला एक नंबर, आणि १८९० च्या दशकात न्यूयॉर्क शहराला दोन्ही ढिगाने हवं होतं, त्यामुळे खाणवाल्यांनी सुरुंग लावून कडेच्या कडे उडवायला सुरुवात केली. चांगल्या रस्त्यांसाठी त्या काळी सगळ्यात जास्त बोंब कोण मारत होतं? सायकलवाले! लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही त्यांची संघटना १८८० सालची, मोटारी यायच्या आधीपासून रस्ते सुधारा म्हणून सरकारच्या मागे लागलेली. म्हणजे कडे फुटण्यात आपल्या खापरपणजोबा सायकलवाल्यांचा चिमूटभर वाटा असणार असं मला उगाच वाटतं, पुरावा मागू नका.

सुरुंगांचे आवाज नदीपलीकडे घरात ऐकू यायचे. न्यू जर्सीतल्या महिला मंडळांच्या फेडरेशनने हा विषय लावून धरला, आणि शेवटी १९०० साली दोन्ही राज्यांनी मिळून पॅलिसेड्स इंटरस्टेट पार्क कमिशन काढलं. न्यूयॉर्कचे गव्हर्नर तेव्हा थिओडोर रूझवेल्ट होते. कमिशनचे पहिले अध्यक्ष जॉर्ज पर्किन्स, हा माणूस बँकर जे. पी. मॉर्गनच्या वर्तुळातला, लवकरच त्यांचा पार्टनर झाला. मुख्य खाण विकत घ्यायला १,२२,५०० डॉलर मॉर्गननीच दिले आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथले सुरुंग थांबले. पर्किन्स ड्राइव्हवर शेवटच्या गियरमध्ये जीभ बाहेर काढून चढताना ज्याच्या नावाने बोटं मोडतो तो पर्किन्स हाच.

आता वर उत्तरेला, डोंगरांकडे. हे डोंगर तेव्हा आजच्यासारखे हिरवेगार नव्हते. इथे १८व्या शतकापासून लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या होत्या, भट्ट्यांना कोळसा लागायचा, कोळशासाठी जंगल तोडलं जायचं, असं शंभर वर्षं चाललं की काय उरणार? रेल्वेसम्राट ई. एच. हॅरिमन यांनी १८८० च्या दशकात पॅरट कुटुंबाची जवळपास आठ हजार एकरांची इस्टेट लिलावात घेतली (हे पॅरट म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातल्या पॅरट तोफांचे), मग आजूबाजूची जमीन जोडत गेले आणि नाव ठेवलं आर्डन. तिओराती तळ्याजवळच्या सर्कलवरून (गोल चौकावरून) डावीकडे उतरणारा आर्डन व्हॅली रोड याच इस्टेटीकडे जातो, आणि तिकडून उलट चढून यायचं असेल तर दोनदा विचार करा एवढंच सांगतो.

मग तुरुंगाची गोष्ट. १९०८ च्या सुमाराला राज्य सरकारने ठरवलं की नदीकाठचं जुनाट सिंग सिंग जेल इथे बेअर माउंटनला हलवायचं. नुसतं ठरवलं नाही, कैदी आणून जंगल साफ करायला लावलं. १९०९ मध्ये हॅरिमन वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी मेरी हॅरिमन यांनी सरकारसमोर सौदा ठेवला, दहा हजार एकर जमीन आणि वर रोख दहा लाख डॉलर देते पण तुरुंग रद्द करा आणि पार्क करा. सरकार कशाला नाही म्हणतंय! ऑक्टोबर १९१० मध्ये त्यांच्या मुलाने, अ‍ॅव्हरेलने, कागदपत्रं आणि चेक कमिशनच्या हातात दिला, पोरगा तेव्हा विशीतही नव्हता, पुढे तोच न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. १९१३ मध्ये बेअर माउंटनचं पार्क लोकांना खुलं झालं, १९१५ मध्ये ते दगडी-लाकडी बेअर माउंटन इन हे हॉटेल. तिथल्या हिरवळीवर आपण केळी खात लोळतो, त्या डोंगराच्या पायथ्याशी कैद्यांच्या बराकी होत्या हे कळल्यापासून केळं जरा वेगळं लागतं.

पण मला सगळ्यात धक्का बसला तो तळ्यांचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा सेबॅगोच्या काठावर पंक्चर झालं, ट्यूब बदलताना समोरचं पाणी, त्यात पडलेलं जंगल, एक बदक, आणि मी मनात म्हणतोय, वा, हिमयुगापासून असंच असेल हे. कसलं काय! सेबॅगो १९२५ च्या सुमाराला बांध घालून केलेलं तळं आहे. तिओराती म्हणजे आधीची सीडर पाँड्स नावाची छोटी तळी, बांधाने पाणी वाढवून एक केली आणि पार्कवाल्यांनी नाव मूळनिवासींच्या भाषेतलं दिलं. सिल्व्हर माइन तळं १९३० च्या दशकातलं. यामागचा माणूस मेजर विल्यम वेल्च, इंजिनियर. शहरातल्या चाळवजा इमारतींमधल्या पोरांना उन्हाळ्यात पोहायला, तंबूत राहायला जागा हवी म्हणून त्यांनी दऱ्यांची तोंडं बांधली, लाखो झाडं लावली, आणि या सगळ्या कँपांपर्यंत पोचायला रस्ते काढले. सेव्हन लेक्स ड्राइव्ह हा त्यातलाच. १९२३ मध्ये अपलाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेचा पहिला तुकडा इथेच खुला झाला, त्यातही वेल्च पुढे होते.

सायकलवाल्याच्या दृष्टीने मुद्दा असा की हा रस्ता कुठे लवकर पोचण्यासाठी काढलेलाच नाही, बघत बघत जाण्यासाठी काढलाय. म्हणून तो तळ्याला वळसा घालतो, खडकाला हात लावत नाही, चढ आला की लांबवर पसरवतो. स्लोट्सबर्गहून निघाल्यावर सेबॅगोपर्यंतचा चढ सोडला तर पुढे सगळे रोलर्स, म्हणजे छोटे छोटे चढउतार, एक उतार पुढच्या चढाला अर्ध्यापर्यंत नेऊन सोडतो. पर्किन्स ड्राइव्हसुद्धा १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम देण्यासाठी केलेला, वरचा दगडी मनोरा १९३४ चा. बेअर माउंटनच्या सर्कलपासून माथा साधारण ४ मैल, उंची १३०० फुटांच्या आसपास, सिंहगडाचा घाट केलेल्या पुणेकराला हा चढ म्हणजे मऊ गादी वाटेल, पण संपत नाही लवकर. वरून खाली हडसन दिसते आणि तिच्यावरचा बेअर माउंटन ब्रिज. १९२४ साली खुला झाला तेव्हा जगातला सगळ्यात लांब झुलता पूल होता, मधला गाळा १६३२ फूट. हा मान दोनेक वर्षंच टिकला.

इतिहास खोदायचा तर अजून खाली जावं लागतं. ६ ऑक्टोबर १७७७ ला ब्रिटिश फौज याच डोंगरातून खिंडीने आली आणि डूडलटाउन नावाच्या वस्तीजवळ दोन भागांत विभागून तिने फोर्ट माँटगोमेरी आणि फोर्ट क्लिंटन एकाच संध्याकाळी घेतले, नदीत अमेरिकनांनी आडवी ताणलेली लोखंडी साखळीही गेली. इनच्या शेजारचं हेसियन लेक हे नाव ब्रिटिशांनी भाड्याने आणलेल्या जर्मन सैनिकांवरून, मेलेले त्यात टाकले म्हणतात. डूडलटाउन मात्र १९६० च्या दशकापर्यंत जिवंत होतं, पार्कने एकेक घर विकत घेऊन रिकामं केलं. आता फक्त पायऱ्या, जोती, आणि गवतात गेलेला डांबरी रस्ता, रोड बाईकला काही उपयोग नाही, चालत जा.

१९५८ मध्ये पॅलिसेड्स इंटरस्टेट पार्कवे पूर्ण झाला. त्यावर सायकलला बंदी आहे म्हणून आपण कुरकुरतो, पण घाईच्या गाड्या तिकडे गेल्या म्हणूनच सेव्हन लेक्स आपल्याला मिळाला असं माझं मत. २०११ पासून ग्रान फोंडो न्यूयॉर्क या सायकल स्पर्धेने जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज ते बेअर माउंटन आणि परत असे १०० मैल घालून दिले आणि जगभरचे लोक इथे यायला लागले. मग ९ जुलै २०२३ चा पाऊस. एका दिवसात ओढ्यांनी रस्ते फोडले, पार्कचे भाग कितीतरी दिवस बंद. बांध घालून, वळणं घालून बसवलेलं सगळं शेवटी ओढ्याच्याच काठावर आहे.

जाणार असाल तर एकच सांगतो, पर्किन्स ड्राइव्हचं फाटक हिवाळ्यात बंद असतं आणि वसंतात कधी उघडतं ते आधी बघून घ्या. आमच्यातले चौघे एकदा मार्चच्या शेवटी तिथपर्यंत पायडल मारत गेले, फाटकाला कुलूप, आणि चौघांनीही एकमेकांकडे बघून तेच विचारलं, तू बघितलं नव्हतंस का?