ग्लायसिनच्या वाट्याला किती रॅडिकल येतात?

हायड्रॉक्सिल रॅडिकल (एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला, अतिशय क्रियाशील OH कण) समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो, हे वाक्य डोक्यात ठेवून प्रयोगाला बसलं की पहिल्याच दिवशी गणित चुकतं. तुटून पडतो हे खरं, पण कुणावर किती वेगानं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सातच्या आसपासच्या पीएचला त्याचा वेगस्थिरांक, म्हणजे अभिक्रिया किती झपाट्यानं होते ते सांगणारा आकडा (प्रति मोलर प्रति सेकंद), अमायनो आम्लांपैकी ग्लायसिनशी १.७ कोटी, अ‍ॅलॅनिनशी ७.७ कोटी, फेनिलअ‍ॅलॅनिनशी ६५० कोटी आणि ट्रिप्टोफॅनशी तब्बल १३०० कोटी. म्हणजे ग्लायसिन आणि ट्रिप्टोफॅन सारख्याच प्रमाणात विरघळवली, तर एक रॅडिकल ग्लायसिनकडे जाईतो सात-आठशे ट्रिप्टोफॅनकडे गेलेले असतात.

ग्लायसिन इतकं मागे का? उदासीन पाण्यात त्याच्या नायट्रोजनवर धनभार असतो. तो शेजारच्या कार्बनवरचे इलेक्ट्रॉन ओढून धरतो, आणि रॅडिकलला तर इलेक्ट्रॉनच हवे असतात. पीएच दहाच्या वर नेला की हा धनभार देणारा प्रोटॉन सुटतो आणि वेग शंभरपटीच्या घरात वाढतो. ट्रिप्टोफॅनकडे इलेक्ट्रॉनांनी भरलेलं वलय आहे. तिथे रॅडिकल सरळ चिकटतो.

हे आकडे मोजतात कसे? ग्लायसिनपासून झालेला रॅडिकल सहज दिसत नाही, म्हणून शर्यत लावतात. पाणी नायट्रस ऑक्साइडनं संपृक्त करून त्यात थायोसायनेट घालायचं आणि इलेक्ट्रॉनांचा क्षणभराचा झोत सोडायचा; त्यानं पाणी फुटून रॅडिकल तयार होतात. थायोसायनेटनं पकडलेले रॅडिकल ४७५ नॅनोमीटरला रंग देतात. ग्लायसिन वाढवत नेलं की रंग जितका उतरेल तितका त्याचा वाटा. नायट्रस ऑक्साइड पाण्यातल्या सुट्या इलेक्ट्रॉनांचंही हायड्रॉक्सिलमध्ये रूपांतर करतो, त्यामुळे रॅडिकल जवळजवळ दुप्पट मिळतात. पुण्यात विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अशा कामासाठी इलेक्ट्रॉन प्रवेगक बसवला गेला.

प्रवेगक नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा चालतो; प्रकाशानं पेरॉक्साइड फुटून रॅडिकल मिळतात. फसगत होते ती पाण्यात. एक मिलिमोलर ग्लायसिन सेकंदाला १७,००० या दरानं (स्थिरांक गुणिले प्रमाण) रॅडिकल खेचतं. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे, म्हणजे सुमारे ४.९ मिलिमोलर. त्याचा स्थिरांक ८५ लाखच, पण दर येतो ४२,०००! दहातले जेमतेम तीन रॅडिकल ग्लायसिनला मिळतात. पुण्याच्या नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी मऊ असलं तरी त्यात क्लोरीन असतो; तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच घ्यावं. दुसरी हौस पेरॉक्साइड भरपूर ओतण्याची. दहा मिलिमोलरला ते स्वतःच २,७०,००० या दरानं रॅडिकल गिळतं. रॅडिकल मिळवण्याची आणखी एक रीत, लोह-पेरॉक्साइडची फेंटन अभिक्रिया, पीएच तीनला करतात, तिथे बायकार्बोनेट वायू होऊन निघून जातं. पण पीएच चार-पाचकडे सरकला की लोहाचा तांबूस गाळ बसतो आणि अभिक्रिया मंदावते.

रॅडिकल ग्लायसिनच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून नेतो. उरलेल्या कार्बन-रॅडिकलला विरघळलेला ऑक्सिजन लगेच चिकटतो, पुढे सुपरऑक्साइड सुटतो आणि मागे राहिलेलं इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेलं संयुग) पाण्यानं फुटून अमोनिया व ग्लायऑक्झिलिक आम्ल होतं. अ‍ॅलॅनिनपासून याच वाटेनं पायरुविक आम्ल. पण पेरॉक्साइड शिल्लक असेल तर ते ग्लायऑक्झिलिक आम्लालाही फोडतं, आणि शोधणाऱ्याच्या हाती फॉर्मिक आम्ल लागतं.

किती ग्लायसिन उरलं हे निनहायड्रिननं (अमायनो आम्लांशी जांभळा रंग देणाऱ्या द्रव्यानं) पाहताना आणखी एक गोची आहे: तयार झालेला अमोनियाही जांभळा रंग देतो. ग्लायसिन कमी झालं तरी रंग त्या प्रमाणात उतरत नाही, आणि प्रयोग फसला असं वाटतं. आधी उरलेलं पेरॉक्साइड कॅटालेजनं (पेरॉक्साइड फोडणाऱ्या विकरानं) संपवावं, मग नमुना अल्कधर्मी करून वाळवावा म्हणजे अमोनिया उडून जातो. पुन्हा पाण्यात घेऊन पीएच पाचच्या बफरमध्ये निनहायड्रिन घालावं. आता दिसणारा जांभळा ग्लायसिनचा.