पीडीएफ-निर्मिती, फंक्शनल

फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या (मूल्यांवर फंक्शने लावून नवी मूल्ये मिळवण्याच्या शैलीच्या) लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, पीडीएफ दस्तऐवज तयार करण्याची पद्धत. तीत पानावरची रेघ, चौकट, मजकूर ही सारी मूल्ये मानतात. लहान मूल्ये जोडून पान होते आणि फाइल अगदी शेवटी लिहिली जाते. हास्केल, ओकॅमल व क्लोजर या प्रोग्रॅमिंग भाषांतील अनुक्रमे एचपीडीएफ, कॅमलपीडीएफ व सीएलजे-पीडीएफ या परिचित लायब्रऱ्या.

पद्धतीचे मूळ छापील पानाचे वर्णन करणाऱ्या पोस्टस्क्रिप्टमध्ये शोधता येते. १९८०च्या दशकातील ती पुरती प्रोग्रॅमिंग भाषा होती. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफमध्ये आवर्तने व अटी राहिल्या नाहीत आणि आकडेमोड फाइल लिहिणाऱ्याकडे आली. तथापि चित्र हेच मूल्य मानण्याची कल्पना संगणकशास्त्रज्ञ पीटर हेंडरसन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या फंक्शनल भूमितीला (फंक्शनांनी चित्रे जोडण्याच्या रीतीला) अधिक जवळची दिसते.

फाइलच्या पारंपरिक संदर्भ-सारणीत प्रत्येक वस्तू कितव्या बाइटपासून सुरू होते ते नोंदवतात. एक नोंद नेमकी २० बाइटांची. अक्षरे मोजून चालत नाही, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते.

बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या सीमाभागात खरी कसोटी लिपीची. लग्नपत्रिका मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत काढायची, तर मांडणीचे एकच फंक्शन दोनदा वापरता येते. अक्षरजुळणी मात्र लिपीगणिक वेगळी. 'निपाणी' साठवताना न आधी, वेलांटी नंतर. छापताना वेलांटी आधी. कन्नडात जोडाक्षराचे दुसरे व्यंजन सहसा खाली लटकते. पीडीएफच्या १४ मानक फॉण्टांत या दोन्ही लिपी नाहीत. म्हणून युनिकोड (सर्व लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणारे मानक) फॉण्ट फाइलमध्ये घालावा लागतो आणि जुळणी हार्फबझसारख्या अक्षरजुळणीच्या साधनाकडून करून घ्यावी लागते.

मराठीला आणखी एक अडचण आहे. 'आचार्यास' (आचार्याला) आणि 'आचाऱ्यास' (स्वयंपाक्याला) हे वेगळे शब्द. दुसऱ्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहितात: नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ व हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य सांधा (झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह). पहिला प्रकार ग्राह्य धरणे बरे. सांधा मजकूर साफ करताना गळून पडतो आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. फाइलमध्ये दोन्ही मिसळले, तर छापील पान सारखेच दिसते, पण शोध घेतल्यावर काही शब्द सापडत नाहीत. मूळ युनिकोड मजकूर चित्राकृतींसोबत (फॉण्टमधील अक्षरांच्या आकारांसोबत) साठवण्याची सोय पीडीएफमध्ये आहे. ती वापरली नाही, तर पानावरून उचललेल्या 'निपाणी'त वेलांटी न च्या आधी येते.