दाणा चुकीच्या नळीत जातो तेव्हा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अंगणवाडीत खाऊची वेळ झाली की ताई तीन भाषांत हाक देतात, ‘बसा! कूर्चो! कूत्को!’ मराठी, तेलुगू, कन्नड. एकूणएक पोर मांडी घालून बसल्याशिवाय ताटली पुढे येत नाही. मला हा शिस्तीचा सोस वाटला होता. खरं कारण गळ्यात दडलंय.

अन्ननलिका आणि श्वासनलिका अगदी शेजारीशेजारी. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचं तोंड मिटतं. पळता-हसताना मात्र मूल जोरात हवा ओढतं, तेव्हा दार सताड उघडं असतं आणि तोंडातला दाणा हवेबरोबर आत जातो. तीन-चार वर्षांच्या मुलाला दाढा असतात, पण बारीक चावायची सवय नसते. श्वासनलिका जेमतेम त्याच्या करंगळीएवढी. नळीची रुंदी निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, 16 पट होतो.

त्यात शेंगदाणा भारी लबाड. ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं. बऱ्याचदा तो उजव्या फुफ्फुसाकडे उतरतो, कारण तिकडची नळी जास्त रुंद आणि उभी असते. आधी जोराचा ठसका, डोळ्यांत पाणी. थोड्या वेळाने मूल शांत. ‘गेला खाली,’ म्हणत सगळे निर्धास्त होतात, आणि इथेच फसतात. श्वास घेताना नळी जराशी रुंदावते, हवा आत शिरते. सोडताना ती आकसते, हवा कोंडते. मग कित्येक आठवडे खोकला, छातीत शिट्टी, दम्याची औषधं. एक्स-रेत दाणा दिसत नाही. दिसलंच तर एका बाजूचं फुगलेलं फुफ्फुस. शेवटी दुर्बीण घालून तो काढावा लागतो. म्हणून खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात, तर ‘मागे खाताना ठसका लागला होता’ हे आवर्जून सांगा.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 थापा मारा. तरी निघालं नाही, तर मागून मिठी घालून बेंबीच्या जरा वर 5 वेळा आत-वर दाबा (वर्षाच्या आतल्या बाळाला हे पोटावर दाबणं नको). आळीपाळीने चालू ठेवा, दुसऱ्या कुणाला 108 लावायला सांगा. पाणी पाजू नका, दिसत नसताना बोट घालू नका, भाताचा गोळा तर मुळीच नको.

दाण्यावर राग नाही. 100 ग्रॅममध्ये सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात. पाच वर्षांपर्यंत अख्खा नको, एवढंच. बारीक कूट चालतं, आणि शेंगाचटणीच्या गावाला कुटायला काय शिकवायचं!

खेळण्यांचंही तेच. तीन वर्षांखालच्यांसाठी सुमारे 32 मिलिमीटर रुंदीच्या ठरावीक चाचणी-नळकांड्यात अख्खा मावणारा तुकडा धोक्याचा मानतात. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. जत्रेतल्या चमकणाऱ्या खेळण्याचा बटण-सेल मात्र कप्प्याला स्क्रू नसेल तर सहज निघतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल भाजतं.

या ताई मुलांना पळू देतात, भरपूर, पण खाऊच्या आधी. आणि दारातच खिसे तपासतात. भाजके दाणे सापडले की नावाच्या डबीत जातात. सुटताना डबी आईच्या हातात मिळते, त्यामुळे पोरं फारशी कुरकुर करत नाहीत.