खिडकीतले ऊन आणि बिअर्डेड ड्रॅगनची हाडे

बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा पाळणाऱ्यांकडून एक तक्रार निरनिराळ्या शब्दांत वारंवार ऐकू येते. प्राण्याची काचेची पेटी खिडकीशी ठेवलेली असते, दिवसातले चार-पाच तास तिच्यावर स्वच्छ ऊन पडत असते, प्रत्येक किडा कॅल्शियमच्या पुडीत घोळवूनच दिला जातो, आणि तरीही काही महिन्यांच्या पिल्लाचा जबडा बोटाने दाबला की रबरासारखा लवतो, चालताना पाय थरथरतात आणि पोट जमिनीवरून उचलले जात नाही. ऊनही आहे आणि कॅल्शियमही आहे, मग हाडे मऊ कशी पडली, असा प्रश्न पाळणाऱ्याला पडतो आणि बहुतेक वेळा तो पुडीचे प्रमाण वाढवतो. दोष मात्र पुडीत नसून त्या काचेत असतो, आणि तो समजून घ्यायचा तर या सरड्याच्या कातडीत काय घडते ते जरा निवांतपणे पाहायला हवे.

पाळला जाणारा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पोगोना व्हिटिसेप्स, हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या आणि निमकोरड्या अंतर्भागातला सरडा आहे. शेपटीसह त्याची लांबी ४५ ते ६० सेंटिमीटर भरते, आणि गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करण्याच्या सवयीमुळे त्याला दाढीवाला हे नाव मिळाले. सकाळी तो झाडाच्या बुंध्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढून शेकत बसतो. त्या वेळी त्याची पाठ गडद होते, म्हणजे ती अधिक उष्णता शोषते, आणि अंग पुरेसे तापले की तीच पाठ फिकट होते. त्याहून तापले तर तो तोंड उघडे ठेवून बसतो, आणि तेही न पुरल्यास सावलीत सरकतो. अशी ये-जा करत तो दिवसा आपल्या शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. या साऱ्या खटाटोपात सूर्य त्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी देत असतो, एक उष्णता आणि दुसरी अतिनील किरणे. निसर्गात त्या एकाच ठिकाणाहून एकाच वेळी येतात. पेटीत आपण त्यांची दोन दिव्यांत विभागणी करतो, आणि चुकांना सुरुवात तिथूनच होते.

अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्याला यूव्हीबी म्हणतात. सरड्याच्या कातडीत, तसाच आपल्याही कातडीत, कोलेस्टेरॉलच्या नात्यातला एक रेणू असतो, ज्याचे नाव ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. कार्बन अणूंची चार कडी एकमेकांना चिकटलेली आहेत अशी त्याची रचना डोळ्यांसमोर आणावी. यूव्हीबीचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, या रेणूने शोषला की दुसऱ्या कड्यातला एक बंध तुटतो आणि ते कडे उघडते. इथे प्रकाशाच्या एकूण प्रमाणापेक्षा एकेका फोटॉनची ऊर्जा निर्णायक ठरते. ३०० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये सुमारे ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते, तर ५०० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये ती सुमारे २.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच भरते. हा रेणू दृश्य प्रकाश शोषतच नाही, त्यामुळे डोळे दिपवणारा दिवा कितीही वेळ लावून ठेवला तरी ते कडे उघडणार नाही. ‘फुल स्पेक्ट्रम’ असे ठळक अक्षरांत छापलेले घरगुती एलईडी दिवे या सरड्यांसाठी विकले जातात आणि घेतलेही जातात याचे मला फार वाईट वाटते, कारण त्या शब्दांना या कामी काहीही अर्थ नाही. दिव्यातून यूव्हीबी येते की नाही आणि प्राण्याच्या पाठीवर ती किती पोहोचते, एवढेच विचारायचे असते.

कडे उघडून जो रेणू तयार होतो त्याला प्री-व्हिटॅमिन डी३ म्हणतात, आणि ते अजून व्हिटॅमिन नव्हे. व्हिटॅमिन होण्यासाठी रेणूतला एक हायड्रोजन अणू एका टोकाकडच्या कार्बनवरून उडी मारून दुसऱ्या कार्बनवर जावा लागतो आणि त्याबरोबर बंधांची मांडणी बदलावी लागते. या दुसऱ्या पायरीला प्रकाश लागत नाही, उष्णता लागते. शिवाय एक मोठी अडचण असते. प्री-व्हिटॅमिनचा रेणू दोन ढबींत राहू शकतो, एक वाकलेली आणि एक ताणलेली. हायड्रोजनची उडी फक्त वाकलेल्या ढबीतच शक्य होते, कारण तेव्हाच ते दोन कार्बन एकमेकांजवळ येतात. पण द्रावणात मोकळा सोडलेला रेणू ताणलेली ढब अधिक पसंत करतो. आपल्या ३७ अंशांच्या शरीरात काम कसेबसे भागेल, पण रात्री थंड पडणाऱ्या सरड्यात हे रूपांतर फारच रेंगाळायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. मायकेल हॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिरव्या इग्वानाच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले की कातडीतली ही पायरी साध्या द्रावणातल्यापेक्षा कित्येक पटींनी वेगाने होते, कारण पेशीच्या आवरणातील मेदरेणू प्री-व्हिटॅमिनला दोन्ही बाजूंनी धरून त्या वाकलेल्या ढबीतच अडकवून ठेवतात. जीवरसायनशास्त्रात मला इतकी देखणी युक्ती क्वचितच आढळली आहे, कारण पेशीचे आवरण इथे एखाद्या एन्झाइमशिवाय, केवळ रेणूला बसायची जागा नेमून देऊन, अभिक्रियेचा वेग बदलते.

या रचनेला एक अंगभूत झडपही आहे. प्री-व्हिटॅमिनवर प्रकाश पडतच राहिला तर त्यातील काही भाग ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल या निष्क्रिय रेणूंमध्ये बदलतो आणि काही भाग मूळ रूपात परततो, त्यामुळे दिवसभर उन्हात बसल्याने व्हिटॅमिन डी३ अंगाला बाधेल इतके साचत नाही. तोंडावाटे दिलेल्या थेंबांना आणि पुडीला अशी झडप नसते. आतड्यातून शोषलेले व्हिटॅमिन थेट साठत जाते, आणि अतिरेक झाला तर रक्तवाहिन्या व मूत्रपिंड यांसारख्या मऊ अवयवांत कॅल्शियमचे थर बसू लागतात. उलट बाजूने, केवळ तोंडावाटे दिलेला डी३ या जातीला पुरत नाही, हेही तपासले गेले आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पिल्लांना डी३ तोंडावाटे दिला होता आणि काहींना दररोज दोन तास यूव्हीबीखाली ठेवले होते. दुसऱ्या गटाच्या रक्तातील व्हिटॅमिन डीचे साठवणीचे रूप पहिल्या गटाच्या सुमारे १८ पट आणि सक्रिय रूप सुमारे ५ पट निघाले.

हे साठवणीचे रूप यकृतात तयार होते आणि सक्रिय रूप मूत्रपिंडात. या सक्रिय रूपाला कॅल्सिट्रायॉल म्हणतात. आतड्याच्या पेशींना कॅल्शियम वाहून नेणारी प्रथिने बनवण्याचा आदेश तेच देते. हा आदेश मिळाला नाही तर खाल्लेल्या पुडीचा मोठा भाग विष्ठेतून बाहेर जातो. स्नायूंना आणि चेतातंतूंना मात्र रक्तातील कॅल्शियमची पातळी ढळलेली चालत नाही, म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडू लागतात. हाडाची रिकामी झालेली जागा तंतुमय ऊतीने भरून निघते, आणि तोच तो रबरासारखा लवणारा, कधी सुजल्यासारखा दिसणारा जबडा. हाडांतला साठाही अपुरा पडू लागला की बोटे आणि पाय थरथरू लागतात. त्या टप्प्यावर घरगुती उपाय करण्यात वेळ न घालवता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. रोग थांबवता येतो, पण वाकलेला कणा बहुधा तसाच राहतो.

आता त्या खिडकीकडे वळू. नेहमीची काच दृश्य प्रकाशाला पारदर्शक असते, पण सुमारे ३२० नॅनोमीटरच्या खालची किरणे ती जवळजवळ सगळी शोषून घेते, म्हणजे नेमका यूव्हीबीचा पट्टा पलीकडेच राहतो. आत येते ते ऊन उजेड देते, ऊब देते, पण कडे उघडणारा फोटॉन त्यात नसतो. शिवाय उन्हात ठेवलेल्या बंद काचपेटीतली हवा थोड्याच वेळात प्राणघातक तापमानाला पोहोचते आणि आतल्या सरड्याला पळायला सावलीही नसते. उघड्या हवेतले थेट ऊन उत्तमच, पण ते जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून आणि स्वतः जवळ थांबून द्यावे. पेटीत यूव्हीबीची नळी लावायची तर ती शेकण्याच्या जागेच्या डोक्यावर, उष्णतेच्या दिव्याच्या शेजारीच असावी, कारण सरडा ऊब शोधत जिथे येतो तिथेच ती किरणे त्याला मिळायला हवीत. ती बाजूने लावू नये. वरून येणाऱ्या किरणांपासून डोळ्यांवरच्या कडा डोळ्यांचे रक्षण करतात, बाजूच्या दिव्यापासून करू शकत नाहीत. मध्ये काच किंवा प्लास्टिक मुळीच नसावे, आणि बारीक जाळीसुद्धा किरणांचा बराच भाग अडवते हे ध्यानात घेऊनच अंतर ठरवावे. अतिनील निर्देशांक मोजणारे मीटर मिळाले तर शेकण्याच्या जागी, सरड्याच्या पाठीच्या उंचीवर, ३ ते ५ हा आकडा योग्य समजतात. पेटीच्या दुसऱ्या टोकाला तो शून्यावर यावा, म्हणजे किती किरणे घ्यायची हे प्राण्याला ठरवता येते. पँथर कॅमेलिऑन आहारातील डी३ कमी झाल्यास अतिनील किरणांत अधिक वेळ बसतात आणि तो वाढल्यास कमी वेळ बसतात, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा निवड करण्याची मुभा ही चैन समजू नये.

तापमानाचीही अशीच उतरण हवी. शेकण्याच्या दगडाचा किंवा फांदीचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश आणि थंड टोक २२ ते २८ अंशांच्या दरम्यान असावे. काचेला चिकटवलेला तापमापक काचेजवळच्या हवेचे तापमान सांगतो, म्हणून पृष्ठभागासाठी अवरक्त तापमापक वापरावा. या सरड्याचे पचनही शरीराच्या तापमानावर अवलंबून असते, आणि थंड पेटीत भरपेट खाल्लेले अन्न तसेच पडून राहते. विजेवर तापणारे कृत्रिम दगड टाळावेत, कारण पोटाखालची उष्णता त्याला वेळेवर जाणवत नाही आणि भाजल्याच्या जखमा होतात. रात्री सगळे दिवे, लाल दिवेसुद्धा, बंद करावेत. प्रौढ प्राण्याला १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद जागा लागते आणि ती त्याच्या एकट्याची असावी. एकमेकांच्या अंगावर बसलेले दोन ड्रॅगन प्रेमाने बिलगलेले दिसतात, पण बहुधा वरचा खालच्याचा शेक हिरावून घेत असतो.

आहारातही पुन्हा कॅल्शियमच आडवे येते. पिल्ले मुख्यतः किडे खातात आणि त्यांना ते रोज लागतात. प्रौढ प्राण्याच्या आहारात मात्र पालेभाज्यांचा वाटा मोठा असायला हवा, नाहीतर यकृतात चरबी साठते. किड्यांना हाडे नसतात, त्यांचे बाह्यकवच कायटिनचे असते, म्हणून रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट भरतो. सरड्याला हे प्रमाण उलटे, म्हणजे दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस, असे हवे असते, आणि जादा फॉस्फरस त्याच पॅराथायरॉइड ग्रंथींना आणखी डिवचतो. पूड लावायची ती हा तोल सावरण्यासाठी. पूड लावलेला रातकिडा थोड्या वेळात स्वतःला झाडून-पुसून स्वच्छ करतो, तेव्हा लगेच खाल्ले जातील इतकेच किडे एका वेळी सोडावेत, आणि त्याआधी दिवसभर त्यांना स्वतःलाही सकस खाऊ घालावे. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या इथे अपवाद ठरतात, कारण त्या आपल्या कातडीत कॅल्शियम कार्बोनेट साठवतात. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. काजवा तर चुकूनही देऊ नये. त्याच्या काही जातींत हृदयावर आघात करणारे विष असते आणि एकच काजवा प्रौढ ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो. भाज्यांमध्ये मोहरीचा पाला, डँडेलियनची पाने आणि लाल भोपळा चांगला. पालक मात्र रोज नको, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला आतड्यातच बांधून टाकते आणि मग कॅल्सिट्रायॉल कितीही असले तरी शोषायला काही उरत नाही.

कोमट पाण्यात बसवले की ड्रॅगन कातडीतून पाणी पितो, असा एक समज फार पसरला आहे. रखरखीत प्रदेशातल्या या प्राण्याची कातडी पाणी आत-बाहेर जाऊ न देण्यासाठीच घडलेली असते. तो पाणी पितो ते तोंडाने, आणि बरेचसे भाज्यांतून मिळवतो. प्राण्याला किंवा पेटीतल्या वस्तूंना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या ड्रॅगनच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

शेवटची बाब नळीच्या वयाची. यूव्हीबीच्या नळीत आतल्या बाजूला फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाचा लेप असतो आणि बाहेर ही किरणे जाऊ देणारी खास काच. वापराबरोबर लेप झिजतो, काचही मंदावते, आणि यूव्हीबी हळूहळू घटत जाते. दृश्य प्रकाश मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. आपल्या डोळ्यांना यूव्हीबी दिसत नसल्यामुळे हा बदल पाहून ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही. मीटर नसेल तर नळीच्या प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी, आणि नवी बसवताना तिच्या टोकाला न पुसल्या जाणाऱ्या शाईने त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी.