भुकेचा आवाज आणि आठवड्याची सुई

वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांशी बोलायला बसलं की काटा किती खाली आला हे ते दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सांगतात. पहिलं वाक्य बहुतेकदा भुकेबद्दलचं असतं. धुळ्याच्या एका किराणा दुकानदारांनी सुरुवातच अशी केली: "माले भूकच नही लागस आते." गल्ल्यावर बसल्या बसल्या शेंगदाण्याच्या आणि शेवेच्या बरणीकडे दिवसातून कितीदा हात जायचा, याची त्यांना मोजदाद नव्हती. बरण्या अजून तिथेच आहेत, हात जात नाही. जळगावच्या एका शिक्षिकाबाईंनी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. सकाळी पोळ्या लाटताना डब्याचा विचार, डबा खाताना संध्याकाळच्या चहाबरोबर काय असेल याचा विचार, असं दिवसभर डोक्यात चालायचं. "मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात हे चालतं. ते बंद पडल्यावर कळलं, की नसतं चालत."

या दोन अनुभवांत मला फार मोठी गोष्ट दिसते. आपल्याकडे जाड्या माणसाला सल्ल्यांचा तोटा नसतो. तोंडाला आवर घाला, रात्रीचं जेवण सोडा, पहाटे जळगावच्या मेहरूण तलावावर फेऱ्या मारा. सांगणारा तळमळीने सांगतो, पण त्याच्या मनात एक गोष्ट पक्की असते, की समोरच्याला खाण्याचा मोह आवरत नाही. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचलेलं थोडंसं औषध जर हा मोह विझवत असेल, तर इतकी वर्षं आपण ज्याला हावरटपणा म्हणत आलो त्यात शरीरातल्या रसायनांचा वाटा किती होता, हे नव्याने मोजायला हवं.

हे रसायन मूळचं आपल्याच आतड्यातलं आहे. घास आतड्यात उतरला की तिथल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन वाढवायला सांगतं, जठराला रिकामं व्हायची घाई करू नकोस म्हणतं आणि मेंदूला पोट भरल्याची खबर देतं. अडचण अशी, की हे संप्रेरक रक्तात सुमारे दोन मिनिटांत निम्मं होतं. ते तोडणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात सतत फिरत असतं. म्हणून संप्रेरकाचा शोध १९८० च्या दशकात लागला तरी त्याचं औषध व्हायला पुढची दोन दशकं गेली.

वाट सापडली ती एका सरड्याकडून. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. तो वर्षातून मोजक्याच वेळा खातो. न्यूयॉर्कमधले डॉक्टर जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास त्याच्या विषात जीएलपी-१ शी मिळताजुळता एक रेणू सापडला, आणि तो माणसाच्या रक्तात लवकर तुटत नव्हता. त्यावरून तयार झालेलं एक्झेनाटाइड हे औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं, पण ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीतल्या लोटे ब्येर नुडसेन यांच्या गटाने वेगळी युक्ती केली. माणसाच्याच जीएलपी-१ ला त्यांनी चरबीची एक साखळी जोडली, म्हणजे तो रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतो आणि हळूहळू सुटतो. जळगावच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही: मोकाट पाणी आणि ठिबक यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. या युक्तीतून आधी लिराग्लुटाइड आलं, ते रोज घ्यायचं. मग सेमाग्लुटाइड आलं. ते निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून सुईही आठवड्याची. जीएलपी-१ वर सुरुवातीचं संशोधन करणारे जोएल हॅबेनर आणि स्वेतलाना मॉयसोव, तसंच नुडसेन यांना या कामासाठी २०२४ चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार मिळाला.

परिणाम किती? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेले १,९६१ प्रौढ होते. ६८ आठवड्यांनी सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं. नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के घटलं, आणि आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता. टिर्झेपाटाइड हे औषध जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. त्याच्या सर्वात मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के घट झाली. मधुमेह असलेल्यांचं वजन मात्र कमी उतरतं. सेमाग्लुटाइडच्या तशा चाचणीत ते ९.६ टक्केच होतं. "शेजाऱ्याचं पंधरा किलो गेलं, माझं सातच का?" असं विचारणाऱ्याला आधीपासून शुगर असेल, तर निम्मं उत्तर इथेच मिळतं.

आता त्या शिक्षिकाबाईंकडे परत येतो, कारण त्यांनी याआधी दोनदा नुसत्या आहाराने वजन उतरवलं होतं आणि दोन्ही वेळा ते परत चढलं. त्याचा दोष त्यांनी स्वतःला दिला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० लोकांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला आणि त्यांची भुकेची संप्रेरकं मोजली. वजन उतरलं, पण भूक वाढवणारं घ्रेलिन वर गेलं आणि तृप्तीची खूण देणारं लेप्टिन खाली आलं. वर्षभरानंतर पुन्हा मोजलं तरी ती पूर्वपदावर आली नव्हती. शरीर घटलेलं वजन दुष्काळ समजून भरून काढायला बघतं. बाईंनी दोन्ही वेळा हार मानली असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्या वर्षभर स्वतःच्या रक्ताशी झगडत होत्या. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

इथे मराठी वाचकाने पुणे शहरातलं एक संशोधन लक्षात ठेवावं. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं काट्यावर सडपातळ दिसतात आणि आतून चरबी बाळगतात, म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २३ पासून आणि लठ्ठपणाची २५ पासून धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे गेली की काळजी घ्यायची. याचं मूळ पोटातल्या बाळापर्यंत जातं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची भरली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याचं कुपोषण आणि जळगावच्या बाजारपेठेतली सुटलेली पोटं हे आपण दोन वेगळे प्रश्न समजतो. अर्धपोटी आईचं बाळ पुढे शहरात येऊन भरपेट खाऊ लागलं की मधुमेहाचा धोका त्यालाच जास्त असतो. सातपुड्यातल्या गर्भवतीच्या ताटाकडे दुर्लक्ष करून शहरात या इंजेक्शनची पेनं विकत राहणं मला पटत नाही.

औषधाची दुसरी बाजू बहुतेकांना आधी जेवणाच्या ताटावर भेटते. जठर सावकाश रिकामं होत असतं, आणि तूप-तेल ते आणखी सावकाश करतं. मात्रा वाढवलेल्या आठवड्यात कुणी वरण-बट्टीच्या पंगतीला बसलं की काय होतं ते ऐका. बट्टी कुस्करलेली, वर वरण, तुपाची धार, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. वाढपी "आखो एक ल्या ना" म्हणतो, आणि खान्देशात हा आग्रह मोडणं म्हणजे यजमानाला दुखावणं. दुकानदारांनी दुसरी बट्टी घेतली. रात्री करपट ढेकरा, मळमळ, पहाटे उलटी. सकाळपर्यंत दोन्ही बट्ट्या पोटात तशाच होत्या असं त्यांना वाटलं, आणि ते फारसं चुकीचं नाही. आता ते आधीच सांगून ठेवतात, की अर्धी बट्टी आणि तूप नको. शिक्षिकाबाईंना आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी खापरावरचा मांडा निम्मासुद्धा जाईना, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे दुःख कुठल्याही औषधाच्या कागदावर छापलेलं नसतं, पण घेणाऱ्याच्या घरात ते असतं.

मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास मात्रा हळूहळू वाढवली की बहुतेकांत आटोक्यात राहतात. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी चढवतात ते याचसाठी. लवकर बारीक व्हायच्या घाईत स्वतःच्या मनाने मात्रा वाढवू नये. पित्ताशयात खडे होणं आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येणं हे गंभीर धोके आहेत. पोटात असह्य कळ येऊन पाठीत जात असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर हे औषध घेऊ नये. मूल हवं असणाऱ्या बाईने सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं. शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तेही डॉक्टरांना कमी करावं लागू शकतं, नाहीतर साखर एकदम खाली जाते. आणि भूल देऊन ऑपरेशन व्हायचं असेल तर ही सुई चालू आहे हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

आपल्या भागासाठी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मे महिन्याची. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. हे औषध काहींची तहानही मंदावतं. जेवण कमी म्हणजे जेवणातून जाणारं पाणीही कमी, त्यात उलट्या-जुलाब झाले आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असली की मूत्रपिंडावर ताण पडायला दोन दिवस पुरतात. या दिवसांत तहानेवर विसंबू नये, घड्याळ बघून पाणी प्यावं. लघवी गडद आणि थोडी होऊ लागली तर तेव्हाच डॉक्टरांना फोन करावा.

वजन उतरताना सगळी चरबीच जाते असंही नाही. गेलेल्या वजनाचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, स्नायूंसह चरबी सोडून इतर गोष्टींचा असतो. साठीपुढच्या माणसाला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागू लागला तर काटा खाली आल्याचा आनंद कशाला करायचा? भूक थोडी असेल तेव्हा ताटात आधी प्रथिनं यायला हवीत. ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी इथे खरोखर कामाची आहे, कारण कळण्यातल्या उडदात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. सोबत डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. झपाट्याने वजन उतरलेल्यांचे काही महिने केसही गळतात, ते बहुतेकदा परत येतात.

गाल बसले की शेजारपाजार विचारतो, "शुगर लागली का?" म्हणून कित्येक जण सुई लपवून घेतात. लपवल्यामुळे बंद करतानाही कुणाला विचारत नाहीत, आणि खरी फसगत तिथे होते. त्याच २०२१ च्या चाचणीतल्या काही लोकांचं औषध थांबवून पुढे वर्षभर बघितलं गेलं. गेलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढलं तर आपण माणसाला नावं ठेवत नाही. सुई सोडून वजन वाढलं की मात्र "बघा, शेवटी खाण्यावर ताबा नाहीच" हे लगेच ऐकू येतं. हे बोलणं थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, आणि औषध सुरू करायच्या आधीच ते किती वर्षं परवडेल याचा हिशेब घरात मांडलेला बरा.

तो हिशेब लहान नाही. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा आठवड्याच्या सर्वात छोट्या मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,०००. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवायला मोकळीक आहे. औषध स्वस्त झालं की गरजूंपर्यंत पोचेल, ही चांगलीच गोष्ट आहे; पण लग्नाआधी चार किलो उतरवू पाहणाऱ्या सडपातळ मुलींपर्यंतही ते पोचेल, आणि त्यांच्यासाठी ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. जिममधून, पार्लरमधून किंवा ओळखीच्या माणसाच्या पिशवीतून आलेलं पेन घेऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखीचं मेडिकल आणि पक्कं बिल, तिन्ही हवं.

बिल घेतल्यावर घरापर्यंतचा रस्ताही महत्त्वाचा. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि ३० अंशांच्या वर ते कुठल्याच टप्प्यावर जाता कामा नये. भुसावळहून यावलला दुपारच्या एसटीने जाताना पिशवीतली हवा त्याच्या कितीतरी वर असते, म्हणून बर्फाची थैली लागते. मात्र पेन बर्फाला थेट टेकवू नये, मधे रुमाल गुंडाळावा. फ्रीजमध्येही बर्फाच्या कप्प्याला लागून न ठेवता मधल्या फळीवर ठेवावं, आणि लाइट जाते तेव्हा फ्रीजचं दार उघडू नये. एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर नव्यासारखंच दिसलं तरी ते टोचू नये, टाकून द्यावं.