बहिणीच्या लेकींनी पटवलेली ओळख

२०१२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका कार पार्कखाली सांगाडा निघाला. कणा वाकडा, कवटीवर धारदार शस्त्रांचे घाव, आणि जागा ग्रेफ्रायर्स या जुन्या मठाची. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडलेला राजा तिसरा रिचर्ड तो हाच, अशी दाट शंका यायला एवढं पुरेसं होतं. खात्रीसाठी मात्र त्याचे आजचे नातेवाईक हवे होते.

रिचर्डचा स्वतःचा वंश पुढे चालला नाही. पण त्याला ॲन नावाची थोरली बहीण होती. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पुढे देते ती फक्त मुलगी. म्हणजे ॲनची लेक, मग तिची लेक, असं एकही कडी न सोडता आजपर्यंत यायचं. खरी कसोटी इथेच होती. वंशावळी लिहिल्या जात बापाकडून मुलाकडे. लग्नात आडनाव बदललं की मुलगी कागदांत हरवायची. चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या ठेवाव्यात हा हुकूम निघाला तोच १५३८ मध्ये. तरीही जुने कागद धुंडाळत संशोधक दोन हयात वंशजांपर्यंत पोचले. डीएनएच्या सुमारे १६,५०० अक्षरांपैकी एकाची सगळी रिचर्डशी जुळली, दुसऱ्याचं फक्त एक अक्षर वेगळं निघालं. मला या शोधात सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्या विसरलेल्या बायकांची नावं एकेक करून परत मिळवणं.

बापाकडची बाजू कागदोपत्री भक्कम होती. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून राजा तिसऱ्या एडवर्डपासून आलेल्या सॉमरसेट घराण्यातले पाच पुरुष तपासले. चौघांचं आपसांत जुळलं, पाचव्याचं त्यांच्याशीही नाही, आणि रिचर्डशी तर कुणाचंच नाही. एडवर्डपासून एकीकडे रिचर्ड आणि दुसरीकडे अठराव्या शतकातला सॉमरसेट पूर्वज, या दोन्ही वाटांवर मिळून १९ पिढ्या येतात. त्यांत कुठेतरी नोंदीतला बाप खरा बाप नव्हता. यात नवल नाही: दर पिढीला शंभरात एक एवढंच प्रमाण धरलं, तरी १९ पिढ्यांत असं घडण्याची शक्यता सहात एक भरते.

कडी नेमकी कुठे तुटली, ते या चाचणीतून कळत नाही. ती एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गॉन्ट याच्यापाशीच तुटली असेल, तर त्याचा मुलगा चौथा हेन्री ज्या रक्ताच्या नात्यावर गादीवर बसला, तेच नातं डळमळतं.