घोटा हलता हवा की घट्ट?

सिद्धेश्वराच्या देवळात जाताना सगळेच चप्पल-बूट बाहेर काढतात. गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेल्या माणसाची अडचण तिथेच सुरू होते. त्याचा पाय सहसा बुटाच्या टाचेची उंची धरून जुळवलेला असतो. बूट निघाला की पाय मागे कलतो आणि तोल जातो. घोट्यात ही उणीव भरून काढण्याइतकी हालचाल नसते.

चालताना नडगी घोट्यावरून पुढे सरकते आणि शेवटी पोटरी अंगाला पुढे ढकलते. पाय कापल्यावर गुडघा राहतो, पण हा जोर जातो. मग खुबा आणि चांगला पाय ते काम ओढतात, म्हणून दम लवकर लागतो.

पूर्वीच्या कारागिरांनी हलता घोटा करून पाहिला होता. १८०० च्या सुमारास लंडनच्या जेम्स पॉट्सने मांडीपासून गेलेल्या पायासाठी तातीचे (जनावराच्या आतड्यापासून केलेले) दोर बसवलेला लाकडी पाय घडवला. गुडघा वाकला की चवडा आपोआप उचलायचा. वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेल्या अँग्लसीच्या सरदाराने तो वापरला. पण सांधा म्हटला की झीज आणि दुरुस्ती आलीच. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी सांधाच काढून टाकला: आत घट्ट लाकडी गाभा, टाचेला मऊ रबर. हेच ‘सॅच’ पाऊल. स्वस्त, टिकाऊ, सपाट रस्त्यावर चांगलं. उतारावर मात्र गुडघा पुढे ढकलला जातो, आणि उकिडवं बसणं तर होतच नाही.

आपल्या माणसांचं बसणं-उठणं जयपुरात ओळखलं गेलं. १९६८ च्या सुमारास तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकडाचं पाऊल तयार केलं. ते वर-खाली वाकतं आणि आत-बाहेरही कलतं, त्यामुळे अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, ढेकळांत पाय तिरका पडला तरी निभावतं. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव त्यामानाने फार कमी घेतलं जातं, हे मला खटकतं. सोलापुरात दिवसभर जमिनीवर बसून विड्या वळणाऱ्या बाईला पाय हवा असेल, तर ‘बसता येईल का’ हा तिचा पहिला प्रश्न असणार. त्याचं उत्तर घोट्यात आहे.

पुढे १९८० च्या दशकात, स्वतः पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स यांनी कार्बन फायबरचं पाऊल आणलं. ते स्प्रिंगसारखं दबतं आणि उसळतं. पण दाबताना मिळते त्याहून जास्त शक्ती परत देऊ शकत नाही. ती कमतरता अमेरिकी संशोधक ह्यू हर यांनी घोट्यात मोटर बसवून भरली. हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असा घोटा लावलेल्यांच्या चालण्याला लागणारी शक्ती धडधाकट माणसाच्या जवळपास आली. ही मोजणी सपाट जमिनीवरची होती. बार्शी-मोहोळकडचं भेगाळलेलं काळं रान त्यात नव्हतं.